सोय

सुरय्याभाभीच्या दाराला कुलूप होतं. दीड वाजून पाच मिनिटं झाली होती, गल्लीतलं ऊन सरळ डोक्यावर आलं होतं, आणि मालन शिवलकर त्या कुलपासमोर पदर सावरत नुसती उभी राहिली. लांबून कुणी पाहिलं असतं तर बाई पत्ता चुकली असंच वाटलं असतं. कुलूप नवं होतं, पितळी. चोवीस वर्षांत या दाराला बाहेरून साधी कडी लागलेली तिनं पाहिली नव्हती. दार लोटलेलं असायचं, ते ढकललं की आतून आवाज यायचा, ‘ये गो, मी हाय मागल्या दारी,’ आणि मग अंगण, डाव्या हाताला न्हाणी, तिच्या पलीकडे ते. मालननं कुलूप हातात घेऊन एकदा ओढून पाहिलं. ऊन खाऊन ते तापलं होतं. तिनं हात सोडला आणि तिच्या लक्षात आलं, की ऑफिसातून निघताना ज्याला आपण अजून थोडा वेळ, अजून शंभर पावलं, असं सांगत आणलं होतं त्या ओटीपोटाला आता काय सांगायचं ते आपल्याकडे नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानात अक्रम काउंटरवर बसला होता. तिनं काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, ‘‘घर दिलं ना विकून. फुजैल आलेला परवा. आईला मुंब्र्याला घेऊन गेला. हे पाडतील आता, बिल्डिंग होणार हाय.’’

‘‘असं अचानक?’’

‘‘अचानक कसलं, सहा महिने चाललं होतं. भाभी आल्या होत्या ना तुमच्या ऑफिसात सांगायला. पण तो रविवार पडला. फाटकाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि आल्या परत.’’

अक्रमनं एवढं सांगून दुसऱ्या गिऱ्हाइकाला साबण काढून दिला. या बाईला दुकानात काही घ्यायचं नाही आणि ती भाभीकडे कशाला येते, हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बापालाही ठाऊक होतं, आणि दोघांनी ते कधी चेहऱ्यावर आणलं नव्हतं. मालन परत फिरली. दोनच्या आत टेबलावर असायला हवं होतं.

टेबलावर बसल्यावर तिनं एका मांडीवर दुसरी घट्ट दाबली आणि जावक टपालाची नोंदवही, बारनिशी, पुढे ओढली. जांभ्याच्या जाड भिंतींची ती जुनी कौलारू कचेरी, वर उंच आढं, खाली अठ्ठावीस टेबलं. अठ्ठावीस टेबलांपैकी पाच बायकांची. मागच्या पडवीत पुरुषांची मुतारी होती, तिला दार नव्हतं, फक्त एक कमरेएवढी आडभिंत. पूर्वीच्या काळी इमारत बांधणाऱ्यांच्या मनात कधी आलंच नसणार की इथे बाई कामाला येईल. मालन शहात्तर साली लागली त्या दिवशी इथे एकच बाई होती, टायपिस्ट सावित्री करंदीकर. तिनं पहिल्या दिवशी मस्टर कुठे असतं ते दाखवलं, कुठल्या साहेबाचा स्वभाव कसा ते सांगितलं, आणि दुपारी हात धरून गल्लीत नेलं. ‘‘हे बघ, सकाळी निघताना अर्धा कप चहा. पाणी नाही. इथे आल्यावर घसा कोरडा पडला तर खडीसाखर तोंडात धरायची. दुपारी एकदा इथं यायचं. एकटीनं यायचं, घोळक्यानं नाही. आणि दोनच्या आत परत.’’ हे सांगताना सावित्रीचा आवाज कोकमाचं आगळ कसं घालावं हे सांगावं इतका साधा होता. नोकरीतलं पहिलं शिक्षण मालनला असं मिळालं, आणि पुढे एकेक नवी मुलगी आली तसं तिनंही ते तसंच, त्याच आवाजात, पुढे दिलं. सावित्री त्र्याऐंशी साली निवृत्त होण्याआधीच मूत्रपिंडाच्या आजारानं गेली. त्याआधी ऑफिसातल्या बायका मिळून तिच्या घरी भेटायला गेल्या होत्या. बोलायला काय होतं? ज्याच्या त्याच्या नशिबाचं दुखणं.

सुरय्याभाभीनं हे दार पहिल्यांदा कुणासाठी आणि का उघडलं ते मालनला कधी कळलं नाही. तिचा नवरा सुलेमान आधी बोटीवर, मग कुवेतला. घरात ती, सासू, आणि फुजैल. दर दोन वर्षांनी सुलेमान दोन महिने सुट्टीवर यायचा तेव्हा ती मागचं दार उघडं ठेवायची, म्हणजे या बायकांना पुढच्या ओटीवरून जावं लागू नये. मुलगी पोटात होती तेव्हा मालनला दिवसातून चारचारदा यावं लागे. साहेब घड्याळाकडे पाही, आणि इथे भाभी तिच्यासाठी बादली भरून ठेवी. ‘‘वाकू नको गो अशी, पोर हाय पोटात.’’ त्या चार दिवसांतली कापडं गुंडाळून न्यायला तिनंच एक जुनी पत्र्याची पेटी न्हाणीत ठेवली होती. मालनला त्या न्हाणीची फरशी पाठ होती, कोपऱ्यातली तडा गेलेली, वर झरोका, झरोक्यात बसणारं मांजर, त्या मांजराची पुढची पिढी, तिच्याही पुढची. पण चोवीस वर्षांत तिनं पुढच्या खोलीत बसून कपभर चहा घेतला नव्हता. वेळच नसे. सात मिनिटं जायला-यायला, तीन मिनिटं आत. ईदला भाभी डबा द्यायची, दिवाळीला या पाच जणी द्यायच्या, तेसुद्धा उभ्याउभ्याच. भाभीला गोड काय आवडतं, तिचं माहेर कुठलं, दाभोळचं की अजून कुठलं, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, असं बारनिशीत ओळ ओढताना मालनला वाटलं आणि खालून एक कळ आली तशी तिनं पट्टी घट्ट धरली.

ब्याण्णवच्या डिसेंबरात गावात वातावरण तंग होतं. ऑफिसातली माणसं दबक्या आवाजात बोलत. तेव्हा आठवडाभर ऑफिसातली एकही बाई गल्लीत गेली नाही. कुणी ठरवलं नव्हतं. भीती होती का लाज, की आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जायचं असं काहीतरी, मालनला तेव्हाही सांगता आलं नसतं. आठव्या दिवशी सुरय्याभाभी स्वतःच ऑफिसच्या फाटकाशी येऊन उभी राहिली, डोक्यावरून ओढणी घेऊन. पहारेकरी तिच्याकडे संशयानं बघत होता. मालन बाहेर गेली तेव्हा ती म्हणाली, ‘‘येत नाय गो तुमी? आजारी पडशाल की.’’ एवढंच. मालननं मान खाली घातली आणि तिच्या मागोमाग चालू लागली. त्या दिवशी न्हाणीत ती उगाच थोडी जास्त थांबली, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं.

कुलूप पाहिलं त्या संध्याकाळी सहाला घरी मांडवीला पोचेपर्यंत तिला रस्ता दिसत नव्हता. चप्पल न काढता ती आत गेली. बाहेर काशीराम रेडिओ लावून बसले होते. ते तिचे यजमान, त्याच कचेरीत हेडक्लार्क होते, अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. वीस वर्षं दोघं एकाच स्कूटरवरून एकाच फाटकातून आत गेले, एकाच फाटकातून बाहेर आले. ‘‘आज फार घाई?’’ त्यांनी रेडिओचा आवाज कमी करून विचारलं. ‘‘काही नाही,’’ ती आतून म्हणाली. चूळ भरून ती स्वयंपाकघरात गेली, लोटीभर पाणी प्यायली, मग दुसरी, मग तिसरी. रोज संध्याकाळी ती अशीच प्यायची. घरी सगळे म्हणत, मालनला संध्याकाळी तहान फार.

पुढच्या महिन्याभरात पाच जणींनी पाच वाटा काढल्या आणि पाचही टिकल्या नाहीत. एस.टी. स्टँडवरची जागा लांब होती, आणि तिथून परतलं की दिवसभर नाकात तो वास राही. एका हॉटेलवाल्यानं दोनदा जाऊ दिलं आणि तिसऱ्यांदा, ‘चहा तरी घ्या ताई,’ असं म्हणून हसला. एक जण अर्ध्या रजा टाकू लागली. मालननं सकाळचा अर्धा कप चहाही सोडला. दुपारी तीनच्या सुमारास जीभ टाळ्याला चिकटायची, कपाळ जड व्हायचं, आकड्यांच्या रांगा एकमेकींत मिसळायच्या. डिसेंबरात थंडी वाजून ताप आला. तिच्या नेहमीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद पाहिला, चष्मा काढला. ‘‘शिवलकर, दिवसाला किती पाणी पिता?’’ मालन मनात संध्याकाळच्या लोट्या मोजू लागली. ‘‘तीन लिटर प्यायला हवं. अठ्ठ्याऐंशीत तुम्हाला खडा झाला तेव्हाही सांगितलं होतं. आणि आलेली लघवी धरून ठेवायची नाही, कळलं?’’ मालनला हसू आलं. तिला त्या बाईंना विचारावंसं वाटलं, तुमच्या दवाखान्याच्या वर तुमचंच घर आहे ना हो? पण ती नुसती मान हलवून गोळ्या घेऊन आली. सावित्रीही अशीच मान हलवत असेल.

पाच जणींत दर्शना नागवेकर सगळ्यांत नवी, पंचविशीची, ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला त्याच्याबरोबर आलेली. ती म्हणाली, ‘‘बाई, आपण अर्ज करूया. तुम्ही सगळ्यांत सीनिअर. तुमची सही पहिली.’’ अर्ज करायला म्हणून पाच जणी जेवणाच्या सुट्टीत एका टेबलाभोवती बसल्या आणि पहिल्याच वाक्याला अडल्या. काय लिहायचं? दर्शनानं सरळ लिहिलं ते बाकीच्यांनी खोडायला लावलं. साहेब वाचतील, शिपाई वाचतील, सगळ्या हॉलभर होईल. शेवटी अर्जात ‘महिला कर्मचाऱ्यांच्या आवश्यक त्या सोयीबाबत’ असं झालं. ‘आवश्यक त्या’ हे शब्द मालनचे. ते सुचले तेव्हा तिला बरं वाटलं होतं, काहीतरी नाजूकपणे पदराखाली झाकल्यासारखं. अर्ज गेला. तीन आठवड्यांनी शेरा आला: ‘कोणती सोय? तपशील द्यावा.’ दर्शनानं तो कागद टेबलावर आपटला. ‘‘बघा बाई. लाजून लाजून आपणच मरतो.’’ मालनला त्या मुलीचा राग आला. मग त्या रागाचाच कंटाळा आला. आपणही पंचवीस वर्षांच्या होतो तेव्हा कुणी असं म्हणालं असतं तर? कुणी म्हणालंच नाही. सावित्रीनं खडीसाखर दिली.

तपशील दिला. मग निधी नाही असं आलं, मग इमारत जुनी असल्यानं खोदकाम करता येणार नाही असं आलं. दरम्यान जानेवारी उलटला. गल्लीतलं भाभीचं घर पाडायला सुरुवात झाली. ऑफिसच्या खिडकीतून कौलं उतरवताना दिसायची.

एका रविवारी मालन अक्रमकडून नंबर घेऊन एस.टी.डी. बूथवर गेली. भाभीच्या सुनेनं फोन उचलला, मग बऱ्याच वेळानं भाभी आली. आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा. मालननं मनात कितीतरी वाक्यं जुळवून आणली होती, आभाराची, माफीची, आणि त्यांतलं एकही बाहेर येण्याआधी भाभीनं विचारलं, ‘‘अगो मालन, कुटं जाता गो आता तुमी?’’

काचेच्या त्या डब्यात उभ्या असलेल्या मालनचे डोळे भरून आले. मुंब्र्यात चौथ्या मजल्यावर, जिथे अंगण नाही, मागलं दार नाही, तिथे बसून या बाईला पहिला प्रश्न हा पडला होता. चोवीस वर्षांत दुसऱ्या कुणाला पडला नव्हता.

‘‘झाली हो भाभी,’’ मालन म्हणाली. ‘‘झाली आमची सोय. ऑफिसानं करून दिली.’’

‘‘बरा झाला गो. माझा जीव लागलेला.’’

मग भाभीनं गुडघ्यांचं सांगितलं, इथे मासळी कशी शिळी मिळते ते सांगितलं, समोर बिलाच्या मीटरवरचे लाल आकडे पळत राहिले. बूथबाहेर आल्यावर मालनला वाटलं, आपण खोटं बोललो ते भाभीला बरं वाटावं म्हणून. पण तेवढंच नव्हतं. ‘नाही झाली’ म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि ते उघडायची सवयच राहिली नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरून एक तक्ता आला. महिला धोरणाच्या अंमलबजावणीची माहिती, आठ मार्चच्या आत पाठवायची होती. आठ तारखेला हॉलमध्ये कार्यक्रमही होता, पाहुण्या बोलवायच्या होत्या, प्रत्येक महिला कर्मचाऱ्याला गुलाब द्यायचा होता. साहेबांनी मालनला केबिनमध्ये बोलावलं, कारण असले तक्ते तिचंच अक्षर भरत असे. दुपारचे साडेतीन झाले होते. सकाळी आठला घरून निघण्याआधी ती जी जाऊन आली होती ती. केबिनमध्ये पंखा होता, पडदे होते, साहेबांच्या पाठीमागे एक बंद दार होतं, दोन वर्षांपूर्वी साहेब आले तेव्हा बांधून घेतलेलं. दुसरे एक अधिकारी खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होते.

‘‘लिहा,’’ साहेब म्हणाले. ‘‘महिला कर्मचारी, पाच. तक्रार समिती, आहे. बैठका, दोन लिहा. प्रशिक्षण, आहे.’’ मालन लिहीत गेली. कागदावरची रेघ मध्येच तिरकी दिसत होती, ती डोळे मिटून उघडत होती. ओटीपोटातलं दुखणं आता पाठीत गेलं होतं आणि पाठीतून मांडीत. तिला सावित्रीचा शेवटचा चेहरा आठवला, सुजलेला, ओळखू न येणारा, आणि त्यावरचं ते ओशाळं हसू, की तुम्हाला माझ्यामुळे एवढं लांब यावं लागलं.

‘‘रकाना सात,’’ साहेब म्हणाले. ‘‘महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. आहे, नाही. आहे लिहा.’’

मालनचं पेन थांबलं. ‘‘साहेब, नाही ना ते.’’

‘‘अहो, मागे आहे ना? वेगळी पाटी लावलेली नाही एवढंच. पाटी लावता येईल. नाही लिहिलं की वरून दहा पत्रं येतात. आहे लिहा.’’ मग ते शेंगदाणेवाल्या अधिकाऱ्याकडे वळून म्हणाले, ‘‘आता भाषणात स्त्री-पुरुष समानतेवर काय बोलायचं ते बघायला हवं. तुमच्या मिसेस बऱ्या बोलतात म्हणे?’’

‘अ’ला काना देऊन झाला होता. पुढचा ‘हे’ लिहायचा राहिला होता. पुढे खूप जणांनी मालनला विचारलं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं? दर्शनाला तर वाटे, बाईंनी त्या क्षणी काहीतरी ठरवलं असणार. मालनला खरंच तसं काही आठवत नसे. आठवत होतं ते एवढंच, की शंभर पावलं सांगत आणलेलं शरीर आता काही ऐकत नव्हतं, आणि सहा पावलांवर दार होतं. तिनं पेनाला टोपण लावलं. उठली. टेबलाला वळसा घालून, साहेबांच्या खुर्चीमागून गेली, ते दार उघडलं, आत गेली आणि कडी लावली.

आत पांढऱ्या फरश्या होत्या. कुठे तडा नव्हता. खुंटीवर स्वच्छ टॉवेल होता, बेसिनवर नवा साबण, त्यावरची अक्षरं अजून पुसली नव्हती. बाहेर आवाज थांबले होते. आपला आवाज बाहेर ऐकू जातो आहे हे तिला कळत होतं, आणि आयुष्यभर जिनं नळ सोडून, बादली वाजवून तो आवाज झाकला, तिनं या वेळी नळ सोडला नाही. सुचलंच नाही तिला. दुखणं आतून सैल होत चाललं, डोळ्यांतून आपोआप पाणी आलं, आणि ती तिथे बसून राहिली, गरज होती त्याहून थोडी अधिक. जिंकल्यासारखं वगैरे काही वाटत नव्हतं. फार दमल्यासारखं वाटत होतं, लग्नघरातली सगळी भांडी घासून झाल्यावर वाटतं तसं. मग तिनं हात धुतले, टॉवेलला न लावता पदराला पुसले, आणि बाहेर आली. दोन्ही अधिकारी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. ती तक्ता तसाच टेबलावर ठेवून आपल्या जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. वरिष्ठांच्या कक्षातील सुविधेचा विनापरवानगी वापर करून कार्यालयीन शिस्तीचा भंग केला, तरी आपणाविरुद्ध कारवाई का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. आठ तारखेचा गुलाब मात्र तिला मिळाला. साहेबांनी तो इतर चौघींसारखाच तिलाही दिला, नजर न मिळवता.

घरी तिनं नोटीस काशीरामांच्या पुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. मग एकही प्रश्न न विचारता कपाटातून फुलस्केप काढले. असल्या नोटिशींची उत्तरं लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. नोकरीत असताना निम्म्या ऑफिसचे खुलासे त्यांनी लिहून दिले होते. तासाभरानं त्यांनी मसुदा तिच्या हातात दिला. ‘सदर बाब प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे व अनवधानाने घडली असून त्याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे अशी चूक होणार नाही...’

‘‘अनवधानाने?’’ मालन म्हणाली.

‘‘तसंच लिहायचं असतं. प्रकरण मिटतं.’’

‘‘आणि यापुढे होणार नाही? यापुढे मला लागणार नाही?’’

काशीरामांनी चष्मा काढून पुसला. त्यांना असल्या शब्दांची सवय नव्हती. तीस वर्षांच्या संसारात हा विषय दोघांत निघाला नव्हता. ‘‘मालन, पण एवढं झालं काय? इतकी वर्षं होतंच ना चाललेलं? कुठेतरी जातच होतात ना तुम्ही?’’

‘‘कुठे?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कुठे जात होतो आम्ही? तुम्ही वीस वर्षं त्या हॉलमध्ये होतात. अकरा वाजले की उठायचात, मागच्या पडवीत जायचात, रुमालाला हात पुसत यायचात. माझ्या टेबलावरून दिसायचं मला रोज. मी कुठे जात असेन, असं तुम्हाला कधी वाटलं नाही?’’

त्यांनी खरंच विचार केला. ते काही वाईट माणूस नव्हते. तिच्या बाळंतपणात त्यांनी स्वयंपाक केला होता, तिच्या पगाराला कधी हात लावला नव्हता, मुलीला मुलासारखं शिकवलं होतं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, जुनी फाईल कुठे ठेवली ते आठवावं तसे ते आपल्या वीस वर्षांत चाचपत राहिले.

‘‘मला वाटलं,’’ ते हळू म्हणाले, ‘‘असेल काहीतरी तुमची सोय.’’

मग मालननं सुरय्याभाभीचं सांगितलं. गल्ली, न्हाणी, बादली, ब्याण्णवचं फाटक, सगळं. सावित्री कशानं गेली ते सांगितलं. संध्याकाळच्या त्या तीन लोट्यांचं सांगितलं. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगत गेली, आणि सांगताना तिच्या लक्षात येत गेलं की हे एवढं सगळं आहे, एका माणसाला तासभर पुरेल एवढं, आणि ते आपण कुठे ठेवलं होतं? काशीराम ऐकत राहिले. त्र्याण्णवला इमारतीच्या दुरुस्तीची फाईल आपल्याच टेबलावरून गेली, ते शेवटी म्हणाले. कौलं, रंग, पडवीतल्या मुतारीला नवा पाईप. ‘‘मी टिपण लिहिलं त्याच्यावर. एक ओळ घातली असती तर...’’ त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मालननंही त्यांना पुरं करायला मदत केली नाही. इतकी वर्षं ती त्यांची वाक्यं पुरी करत आली होती.

तिनं कोरा फुलस्केप घेतला आणि स्वतः लिहायला बसली. विषयाच्या ओळीवर बराच वेळ पेन टेकवून राहिली. काशीराम खुर्चीमागे उभे होते. तिनं लिहिलं ते त्यांनी वाचलं आणि सवयीनं त्यांचा हात पुढे आला, तो शब्द बदलायला, त्याच्या जागी काहीतरी ‘नैसर्गिक’ वगैरे घालायला. हात कागदापर्यंत आला आणि परत गेला. ‘‘राहू दे,’’ ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे.’’ खाली तिनं चारच वाक्यं लिहिली. आपण अमुक सालापासून येथे कामास आहोत. येथे महिलांसाठी सोय नाही. तक्त्यातील रकाना सातमध्ये ‘आहे’ असे लिहिण्यास सांगण्यात आले, ते आपण पूर्ण केलेले नाही. सदर दिवशी आपण साडेसात तास थांबलो होतो, त्यापुढे थांबता आले नाही.

पुढे त्या प्रकरणात तिला फक्त तोंडी समज मिळाली. तो खुलासा कुणीतरी वर पाठवला, दर्शनानं पाठवला असं म्हणतात, आणि वरून खरंच दहा पत्रं आली. अकरा महिन्यांनी मागच्या आवारात एक छोटी खोली उभी राहिली, पत्र्याच्या दाराची, हॉलच्या चार खिडक्यांतून सरळ दिसेल अशा जागी. पहिल्या दिवशी पाच जणी एकमेकींकडे बघत बसल्या, कारण सगळ्यांच्या देखत तिथवर चालत जायचं होतं. पावसाळ्यात दार फुगलं ते महिनाभर बंदच होईना. दर्शनाची तोवर लांज्याला बदली झाली होती. तिथल्या ऑफिसात तेवढंही नव्हतं, तिनं पत्रात लिहिलं, आणि पुढे: ‘बाई, इथे अर्ज मी एकटीच्या सहीनं केला.’ मालननं ते पत्र दोनदा वाचून उशाखाली ठेवलं. मूत्रपिंडाचं दुखणं तिला जन्मभराचं लागलं ते लागलंच.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सकाळी ती खुलासा घेऊन आवक टेबलाशी गेली तेव्हा यातलं काहीच झालेलं नव्हतं, आणि काही होईल असं तिला वाटतही नव्हतं. तिथे भिकाजी सुर्वे बसत असे. पन्नाशीचा, कानानं थोडा जड, आणि आलेल्या कागदाचा विषय मोठ्यानं म्हणत म्हणत नोंदवहीत उतरवायची त्याची जुनी खोड. सबंध हॉलला त्याच्यामुळे रोजचं टपाल कळे.

‘‘या वैनी,’’ तो म्हणाला. कागद पुढे ओढला, तारीख घातली, नाव घातलं. ‘‘विषय...’’ आणि थांबला. चष्म्यावरून त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. ‘‘वैनी, इथं नुसतं खुलासा असं लिवू काय?’’ तो जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला.

‘‘जे लिहिलंय ते लिहा, भिकाजीभाऊ.’’

‘‘नोंदवही साहेब बघतात. कायमची राहते ती.’’

‘‘राहू दे.’’

त्यानं पेन उचललं. हॉलमध्ये टाइपरायटर चालू होते, पंखे घरघरत होते. त्यानं खाली मान घालून, तोंडातल्या तोंडात, लिहायला सुरुवात केली. मालन टेबलाच्या कडेला हात टेकून उभी होती. तिचे पाय दुखत होते, रात्रभर नीट झोप झाली नव्हती, आणि घरी जाऊन पडावं याशिवाय तिला काहीही नको होतं. तरी ती म्हणाली, ‘‘रोज मोठ्यानं म्हणता ना? मग आजच काय झालं?’’

भिकाजीनं चष्मा वर ढकलला. मग, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा, सरळ समोर बघत, खणखणीत म्हणाला, ‘‘विषय, लघवी लागल्याबाबत.’’

एक टाइपरायटर थांबला. मग दुसरा. मालननं कुणाकडे पाहिलं नाही. भिकाजीनं अक्षर न चुकवता ते उतरवून काढलं, शाई वाळायला कागदावर टिपकागद दाबला, आणि शिक्का मारला.

‘‘आवक क्रमांक आठशे बारा,’’ तो म्हणाला.

मालननं तो आपल्या प्रतीवर लिहून घेतला आणि जागेवर जाऊन बसली.